कैरोला निघालेलं प्रस्थान

मी कापसाचा माणूस. कापूस चिमटीत धरून ओढायचा, तंतू कुठे तुटतो ते पाहायचं आणि मगच तोंड उघडायचं, ही आमची रीत. जे चिमटीत येत नाही त्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही. भूत, चकवा, करणी... या मासिकात असले अनुभव छापून आले की मी ते मोठ्याने वाचून खो खो हसत असे. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेला पाहून आमची मंडळी पदराआड हसते आहे. हसू दे.

गोष्ट तेजीच्या दिवसांतली. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली आणि इकडे आमच्या अमरावतीत कापूस सोन्याच्या मोलाने जायचा. ज्याला त्याला शिंगं फुटली होती, मला जरा जास्तच. त्यातच मुंबईच्या एका व्यापाऱ्याने मला मिसर देशाच्या कापसाचा नमुना दाखवला. काय तो तंतू! लांब, मऊ, चमकदार. तो पिकतो ती माती बघायची, त्यासाठी कैरो शहर गाठायचं, असं मी मनाशी ठरवलं. मनाशी ठरवून गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. मी ते भर बाजारात बोललो.

आणि जायचं तर कसं? थाटात! मुंबईहून आगबोटीने सुवेज, तिथून रेल्वेने कैरो. साहेबलोक उतरतात त्या हॉटेलात मुक्काम. संध्याकाळी घोडागाडीतून जुन्या शहरात फेरफटका, नाईल नदीत शिडाची नाव, आणि हजारो वर्षांपूर्वीच्या राजांचे ते दगडी मनोरे. त्यासाठी जांभळ्या मखमलीचा कोट शिवला, पितळी खिळ्यांची चामडी ट्रंक मागवली. अकोल्याचा माझा दोस्त बळवंतराव, तोही कापसातलाच, सोबत यायला एका पायावर तयार. समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त घ्यावं लागेल, असं कोणी म्हणालं की मी म्हणे, "घेऊ ना, थे बी थाटात घेऊ!"

घरी मात्र मंडळीला सातवा महिना होता. आधीची दोन बाळं जन्मताच गेली होती. तिचं माहेर उरलं नव्हतं. घरात वडीलधारी म्हणून माझी विधवा काकू तेवढी. मंडळी मला जाऊ नका म्हणाली नाही. एकदाच विचारलं, "वापस कधी येनार जी तुमी?"

"चार मैन्यात."

"म्हंजे तवा..." एवढंच म्हणाली.

"काकू हाय ना घरात," मी म्हणालो.

खरं सांगतो, त्या दिवसापासून ट्रंकेकडे नजर गेली की मी तोंड फिरवायचो. पण सगळ्या बाजारात डंका पिटलेला. आता माघार घेतली तर नाक कापलं जाणार. म्हणून मी रोज कोट घालून आरशापुढे उभा राहायचो.

जुन्या चालीप्रमाणे प्रस्थान ठेवायचं होतं. मुहूर्ताच्या दिवशी निघणं जमणार नसलं की सुपारी, हळकुंड, अक्षता आणि आपल्या वस्त्राचा तुकडा एका फडक्यात बांधून, जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी ठेवतात. प्रवास सुरू झाला असं मानायचं. मग आपण निघताना ते तिथून उचलायचं. ते परत स्वतःच्या घरात आलं तर प्रवास मोडला. माझा यावर विश्वास नव्हता, पण काकूचा होता. पश्चिमेच्या शेजाऱ्याकडे प्रस्थान ठेवलं.

तिसऱ्या दिवशी ते आमच्या देवघरात!

मी मंडळीवर उखडलो. "काहून आनलं वापस? जाऊ द्याचं नाई तं तोंडानं सांग ना!"

"म्या नाई आनलं." ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "पोटातल्या लेकराची आन."

मी विश्वास ठेवला नाही. ते अजून सलतं.

दुसरा मुहूर्त बुधवारचा निघाला. त्या वेळी मी कामासाठी अकोल्याला जाणारच होतो. म्हटलं, आता बघतोच! बुधवारी सकाळी प्रस्थान तिथेच, बळवंतरावांकडे, बांधलं. मी डावखुरा, माझी गाठ उलटी बसते. त्या गाठीवर, कापसाच्या नमुन्याची पुडी मुंबईला पाठवताना करतो तशी, लाख ओतून स्वतःच्या अंगठीची मोहोर उठवली. प्रस्थानाला लाख लावणारा वऱ्हाडात मी पहिलाच असेन. बळवंतरावांनी ते खुंटीला टांगलं आणि त्याच खुंटीखाली बसून आम्ही न्याहारी केली.

अकोला ते अमरावती अठ्ठावीस कोस तरी असेल. रेल्वे तेव्हा आली नव्हती. मी बैलांच्या दमणीने चौथ्या दिवशी घरी पोचलो, तर रोज देवाला बेल आणून देणारा गुरव अंगणातच भेटला.

"मालक, तुमचं थे गाठोडं देवापुढं हाय बरं. बुधवारी सकाळी बेल घेऊन आलो तं लालभडक मोहोर दिसली. म्याच बाईले हाक मारली."

"बुधवारी? सकाळी?"

"हाव जी. देवाची पूजा बी व्हायची होती."

मी देवघरात गेलो. माझी लाख, माझी मोहोर, माझी उलटी गाठ. कुठे तडा नाही. घोडा फेकला असता तरी दुपारच्या आत येणं शक्य नव्हतं. मी ते पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. आणि वाचकहो, मला भीती नाही वाटली. मनात पहिला शब्द आला तो 'सुटलो!' प्रस्थान घरी आलं, प्रवास मोडला. बाजारात सगळ्यांनी माना डोलावल्या. भित्रा कोणीच म्हणालं नाही. त्या रात्री किती दिवसांनी मला गाढ झोप लागली.

मागाहून बळवंतरावांची चिठ्ठी आली: 'राजेहो, खुंटी रिकामी आहे. तुम्हीच तर नाही ना नेलं?' शेवटी तो एकटाच गेला. त्याची आगबोट बुडाली वगैरे असेल अशी अपेक्षा कोणी करत असेल, तर निराशा करतो. तो कैरो बघून, अंगाने भरून परत आला. माझ्यासाठी गोंड्याची लाल टोपी आणली.

पण तो तिकडे नाईलवर हिंडत असताना आमच्या घरी मंडळी दोन दिवस अडली होती. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "माह्या हातचं नाई आता. छावनीतल्या डाक्टरले बोलवा." काकू दारात आडवी उभी राहिली. "परका मानूस बाळंतिणीच्या खोलीत? मी जित्ती हाय तवर नाई!"

त्या घरात काकूच्या शब्दावर शब्द टाकू शकेल असं एकच माणूस होतं. मी तिला उभ्या जन्मात उलट बोललो नव्हतो. "काकू," मी म्हणालो, "बाजूले व्हा."

डॉक्टर आला. दिवस मावळायच्या आत बाळ रडलं, आणि ओट्यावर बसून मीही. दोघी वाचल्या. ती पोर आता नऊ वर्षांची आहे, आणि जांभळ्या मखमलीची तिची दोन परकर-पोलकी होऊन गेली.

ते गाठोडं कसं आलं? मी गाडीवानांना विचारलं, गुरवाला खोदून खोदून विचारलं, शास्त्रीबुवांना विचारलं. चिमटीत काहीच आलं नाही. मोहोरेसकट ते अजून ट्रंकेत ठेवलं आहे.

हे लिहायच्या आधी मंडळीची माफी मागितली. म्हणालो, तेव्हा विश्वास ठेवायला हवा होता. ती वाती वळत होती, हातातला कापूस तिने खाली ठेवला.

"आनलं नाई म्या," ती म्हणाली. "पन अकोल्यापावतर हात पोचला असता, तं आनलंच असतं."