कॅश क्लिअर करून बघ

माझ्या नवऱ्यालाही हे माहीत नाही. त्याला अजून वाटतं, की त्या शनिवारी मिलिंद आणि मी आमच्या डायनिंग टेबलावर बसून वेबसाइटमधला बग, म्हणजे दोष, शोधत होतो. मिलिंद शोधत होता, तेवढं खरं. मी काय करत होते, ते इतकी वर्षं पोटातच राहिलं. आज तुम्ही समोर आहात, तर सांगते.

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमधली गोष्ट. दोन हजार पाचच्या आसपासची. मी आणि मिलिंद एकाच विमा कंपनीत जावामध्ये प्रोग्रॅमिंगचं काम करायचो, समोरासमोरच्या क्यूबिकलमध्ये. मी पुण्याची, तो नागपूरचा. कंपनीची वेबसाइट कुठे अडली, की का अडली ते शोधायचं, हे आमचं काम. एका ग्राहकाला दुसऱ्याचं नाव का दिसलं? लॉग-आउट केलेला माणूस आत कसा राहिला? सेशन आणि कॅश या दोन शब्दांवर आमचं पोट चालायचं म्हणा ना. सेशन म्हणजे तुम्ही आत आलेले आहात हे सर्व्हरने लक्षात ठेवणं. कॅश म्हणजे तेच तेच पुन्हा विचारायला नको म्हणून एकदा मिळालेलं उत्तर हाताशी ठेवणं. दोन्ही सोयीच्या गोष्टी, आणि दोन्ही कधी दगा देतील सांगता येत नाही. मिलिंद या कामात माझ्यापेक्षा सरस होता. ते मला कळत होतं आणि फारसं आवडतही नव्हतं — हेही आत्ताच सांगून टाकलेलं बरं.

आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट मी सांभाळायचे. हौसेने मीच लिहिलेली. कुणीही सभासद लॉग-इन करून आपल्या कार्यक्रमाची नोटीस टाकू शकायचा. पण एकाने तिथे आपला जुना सोफा विकायला काढला, तेव्हापासून मी डेटाबेसमध्ये एक रकाना वाढवला होता. शून्य म्हणजे थांबलेली नोटीस, एक म्हणजे मंजूर. शून्य असेपर्यंत ती फक्त टाकणाऱ्याला स्वतःच्या लॉग-इनमधून दिसायची, बाकी कुणालाच नाही. हे मला आणि कमिटीला ठाऊक होतं. एरवी मी न वाचताच एक करायचे. हळदीकुंकू, सत्यनारायण, कुणाच्या तरी गुरूंचं प्रवचन — सगळं एक.

त्या एप्रिलमध्ये मिलिंदचे वडील नागपूरहून आले. शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक, अमेरिकेत पहिल्यांदाच. मिलिंदने लायब्ररीचा हॉल घेऊन आंबेडकर जयंती ठरवली, वडील बोलणार होते. आधी त्यांची चार-पाच घरं कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमायची. या वेळी त्याला मंडळाची माणसं यायला हवी होती. कॉफी मशीनपाशी मला म्हणाला, "बाबांना वाटतं इकडेही आपण आपले वेगळेच राहतो. त्यांना दाखवायचंय यार, की तसं नाही." मी म्हणाले, मस्त, मी येतेच.

त्याने नोटीस टाकली. संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. भाऊकाका म्हणायचो आम्ही त्यांना, अगदी प्रेमळ माणूस. म्हणाले, "वर्षा, ते चौदा एप्रिलचं आलंय ना, ते जरा मीटिंगपर्यंत राहू दे. उगाच कुणीतरी काहीतरी बोलतं."

मीटिंग मे महिन्यात होती. त्यांना माहीत होतं, मलाही. काका, प्रवचनाला कुठे मीटिंग लागली होती? — हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी म्हणाले, "हो काका."

का म्हणाले? काका माझी नोकरी घेणार नव्हते, व्हिसा काढून घेणार नव्हते. जरा नाराज झाले असते, एवढंच. भीती म्हणावी तर भीतीसुद्धा धड नव्हती. आणि खरं त्याच्याही खाली आहे. ती नोटीस आपल्या पानावर मलाही कशीशीच वाटली होती. बघा, "आपल्या" म्हणाले मी. अजूनही तसंच येतं तोंडात. काकांनी फोन केला नसता तर मी एक केलं असतं का? केलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी मिलिंद माझ्या क्यूबिकलमध्ये आला. "मला नोटीस दिसतेय, पण सुजाताला तिच्या लॉग-इनमधून दिसत नाही." सुजाता म्हणजे त्याची बायको. आता, एकाला दिसतं आणि दुसऱ्याला दिसत नाही, हे आमच्या धंद्यातलं रोजचं दुखणं. खोटं शोधायला मला डोकंसुद्धा चालवावं लागलं नाही.

"कॅश असेल," मी म्हणाले. "क्लिअर करून बघ."

त्याने क्लिअर केली. सुजाताने केली. एडिसनला राहणाऱ्या त्यांच्या मित्राने केली. रोज सकाळी तो येऊन सांगायचा, नाही गं, अजून नाही. आणि मी तोंड वाकडं करून स्क्रीनकडे बघायचे, चिंता असल्यासारखी. माझ्यावर संशय घ्यायचं त्याच्या मनातही नव्हतं. उलट माझी कीव येऊन म्हणाला, "एकटी किती बघशील? शनिवारी येतो, दोघं मिळून बघू."

तो आला. लॅपटॉप आणि लेकीला घेऊन. त्याची लेक आणि माझा मुलगा वर खेळायला गेले. मी त्याला सगळा कोड दिला. शून्य-एकची भानगड मात्र डेटाबेसमध्ये होती, आणि त्याचा पासवर्ड भाऊकाकांकडे असतो, असं मी ठोकून दिलं. मग तो बसला. ब्राउझरमधल्या कुकीज पुसल्या, दोन ब्राउझर उघडले, सर्व्हर बंद करून चालू केला, एकेक ओळ वाचली. जेवायलाही धड उठला नाही. नसलेला दोष तो माझ्यासमोर शोधत होता, आणि मी मधून मधून "इथे बघितलंस का?" असं विचारत होते. विचारत होते हो! गप्प तरी बसायचं.

आणि त्याला एक खरा दोष सापडला. लॉग-इन करताना मी नोटिशींची यादी सेशनमध्ये ठेवत होते, आणि माणूस बाहेर पडेपर्यंत ती तीच राहायची. नवीन काही आलं तरी त्याला जुनीच यादी दिसणार. शिकाऊ पोराने करावी तशी चूक, माझी. "सापडलं," तो म्हणाला आणि इतका हसला, की मलाही क्षणभर वाटलं, सापडलं. त्याने ते दुरुस्त केलं. आम्ही सुजाताच्या नावाने लॉग-इन केलं.

नोटीस नव्हती.

तो यादी वर-खाली करत राहिला. मग एका ओळीपाशी थांबला. मंडळाच्या उन्हाळी पिकनिकची नोटीस होती. मीच आदल्या दिवशी मंजूर केलेली.

"ही कालची आहे ना?"

"हो," मी म्हणाले. "पण तिचं कॅशिंग वेगळं आहे."

तुम्ही या धंद्यातले नसलात तरी कळेल तुम्हाला. एकच पान, एकच यादी, आणि त्यातल्या एकाच ओळीचं कॅशिंग वेगळं? कॉलेजातल्या मुलालाही हे पटलं नसतं. मिलिंदने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मी नजर चहाच्या कपांकडे वळवली. खरं सांगायला ती जागा अगदी सोपी होती, तो भांडलाही नसता कदाचित. मी कप मांडत राहिले.

"असेल," तो म्हणाला.

लॅपटॉप बंद केला. चहा टाकलेला होता म्हणून थांबला, नवऱ्याशी लॉनबद्दल बोलला. जाताना म्हणाला, "जे येतील ते येतील. मी फोन करतो लोकांना."

कार्यक्रमाला मी गेले नाही. पाहुणे आहेत म्हणून कळवलं. होतेही पाहुणे — मीच मुद्दाम बोलावलेले. नंतर कुणाकडून तरी ऐकलं, हॉलमध्ये त्यांचीच चार-पाच घरं होती आणि बाकी खुर्च्या रिकाम्या. मंडळाचं कुणीही नव्हतं. ऑफिसात मिलिंद पूर्वीसारखाच वागायचा. बगवर बोलायचो, डबे उघडायचो. वेबसाइटचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही, आणि मला त्याचं बरंच वाटलं.

महिनाभराने इंडियन ग्रोसरीत ते दोघं भेटले. मिलिंद कोथिंबीर निवडत होता, वडील शेजारी ट्रॉली धरून उभे. त्याने ओळख करून दिली, त्याला द्यावीच लागली. मी "नमस्कार काका" म्हणाले.

ते म्हणाले, "तुम्हीच का वर्षाताई? मिलिंद सांगत होता, कॉम्प्युटरमध्ये काही तांत्रिक अडचण झाली, म्हणून लोकांना समजलंच नाही. आणि तुम्ही सुटीचा पूर्ण दिवस त्याच्यासोबत बसल्या. फार कष्ट घेतले, ताई. मला तर वाटत होतं, लोकांना यायचंच नसेल. पण तसं नव्हतं, हे समजलं, बरं वाटलं."

मी मिलिंदकडे बघितलं. तो कोथिंबिरीच्या जुड्या खालीवर करत होता. त्याने मान वर केली नाही.

"त्यात काय कष्ट, काका," मी म्हणाले. आणि हसले.

खोटं मी बोलले होते. पण वडिलांना त्रास होऊ नये म्हणून ते शेवटपर्यंत निभावलं मिलिंदने, सगळं कळून. मला तर त्यातही वरून आभार मिळाले, आणि ते मी घेतले.