हळदीकुंकवावर चाललेली व्हॅन

व्हॅन घेतली तेव्हा माझं वय अठ्ठावन्न होतं आणि व्हॅनचं सहा, पण दोघींत थकलेली ती होती. पाण्याचे कॅन घरोघर पोचवणाऱ्या एका माणसाने ती विकायला काढली होती. विजेवर चालणारी, चार चाकांची, मागे बंद पेटी आणि पुढे दोन माणसांपुरती जागा. त्याने मला चक्कर मारून आणली ती मैसूरच्या चामुंडी टेकडीच्या पायथ्याकडून गावाच्या दिशेने, म्हणजे सगळी उताराने. वारा कसा छान लागतोय, एवढंच मी बघत बसले. आमचे हे बाजूला बसले असते तर त्यांनी बॅटरी विचारली असती, म्हणून तर त्यांना मी नेलं नव्हतं.

मला गाडी हवी होती, त्याला कारण होतं. चामराजपुरमातल्या आमच्या घराच्या मागल्या अंगणात मी स्वयंपाकघर चालवायची. कडकोळच्या एका लहान कारखान्यातल्या माणसांना दुपारचं जेवण माझं. बिसीबेळे भात, पल्या म्हणजे परतलेली भाजी, कढी, शनिवारी पोळ्या. हे सगळं तिथवर न्यायला एक भाड्याचा टेम्पो होता आणि त्याचा ड्रायव्हर मनात येईल तेव्हा यायचा. एकदा तो आलाच नाही आणि मी भाताचे हंडे घेऊन तीन रिक्षांतून गेले. त्या दिवशी ठरवलं की आता दुसऱ्याच्या लहरीवर माझा भात जाणार नाही. आमचे पूर्वज म्हणे राजाच्या घोडदळात होते. त्यांच्यातलं आमच्याकडे फक्त निम्मं कन्नड झालेलं मराठी उरलंय, पण वाहन आपलं स्वतःचं हवं ही खाज बहुतेक तिकडूनच आली असावी.

पहिल्याच आठवड्यात गाडीने रंग दाखवला. विकणारा म्हणाला होता, एका चार्जिंगमध्ये ऐंशी किलोमीटर. काय डोंबल ऐंशी. चाळीस गेली तरी मी देवाला हात जोडायची. पडद्यावर पन्नास टक्के दिसायचे, जरा चढ आला की एकदम तीस व्हायचे आणि सपाटीला लागलं की पुन्हा चाळीस. चढ दिसला की तिच्या अंगात ताप भरायचा. एका मेकॅनिकने बॅटरी तपासली आणि म्हणाला, "म्हातारी झाली अम्मा, नवी घाला." नवीची किंमत सांगितल्यावर मी त्याला कॉफी पाजून परत पाठवलं.

आता कडकोळला जाताना उतार आहे, पण येताना चढ. जाताना हंडे भरलेले असले तरी गाडी खुशीत. येताना हंडे रिकामे आणि हिचं तोंड वाकडं. घरी पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा. मग मी रस्ते शोधले. कुठला रस्ता किती चढाचा, हे मला मैसूरच्या कुठल्याही इंजिनियरपेक्षा जास्त ठाऊक झालं. पंखा बंद, रेडिओ बंद, हॉर्न वाजवायचा तो अगदी म्हैस आडवी आली तरच. तरीही काही दिवशी पुरायचं नाही. तेवढ्यात नवरात्र आलं आणि देवीनेच वाट दाखवली.

नवरात्रात आमच्याकडे घरोघर गोंबे मांडतात. पायऱ्यापायऱ्यांवर राजा-राणी, देव, वाणी-वाणीण, सगळ्या बाहुल्या. बायका एकमेकींकडे गोंबे बघायला जातात. गेलेल्या बाईने गोंब्यांपुढे एखादं गाणं म्हणायचं असतं आणि निघताना तिला हळदीकुंकू, विडा, फळ द्यायचं असतं. एकदा हळदीकुंकू दिलं की मग ती उठते. म्हणजे दिल्याशिवाय तिला कोणी उठवू शकत नाही. ही मेख माझ्या लक्षात आली.

परतताना मी कुवेंपुनगरकडे वळायची. तिथे माझ्या ओळखीची बारा-पंधरा घरं, सगळी नोकरदारांची, सगळ्यांच्या पोर्चमध्ये मोटारीसाठी जाडा सॉकेट. दारातच म्हणायची, "गोंबे बघायला आले हं. गाडीला जरा वायर लावते, चालेल ना?" सणाला आलेल्या सवाष्णीला नाही कोण म्हणणार? शिवाय हातात उरलेल्या बिसीबेळे भाताचा डबा असायचा, तो मी आधी पुढे करायची. मग बसून गाणं. माझा आवाज म्हणजे नळाला पाणी येण्याआधी येतो तसा, पण कडवी मला पुष्कळ पाठ. एक गाणं म्हणजे गाडीत एक टक्का, असा माझा हिशेब. घरची बाई कुंकवाचं ताट घेऊन पुढे आली की मी म्हणायची, "घाई काय आहे, ही वरची राणी किती सुरेख आहे, हिची कथा सांगा ना." ताट परत जायचं. एका घरी तर त्या बाईने ताट हातात घेऊन माझी चार गाणी उभ्याने ऐकली. मी जाम खुश होते. वीज फुकट आणि वर केळी, नारळ.

हे किती दिवस चालणार. त्याच ताटवाल्या बाईने बेंगळुरूला माझ्या मुलाला फोन केला. ती चांगल्या मनाने बोलली, त्यात मला शंका नाही. म्हणाली, "आई रोज येतात, तासतासभर गातात, उठतच नाहीत. एकट्या पडल्यात का हो? डॉक्टरला दाखवता का?" झालं. सणाची सुट्टी जोडून साहेब दुसऱ्या दिवशी हजर. दारात चप्पल काढायच्या आधी माझ्या डोळ्यांत बघितलं, वेड लागलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघतात तसं.

मी त्याला खरं सांगितलं. वेडी ठरण्यापेक्षा चोर ठरलेलं बरं. पण त्याचा पारा आणखी चढला.

"म्हणजे तू लोकांच्या घरी गाणी म्हणून गाडी चार्ज करतेस?"

"लोकांच्या नाही, ओळखीच्या."

"साकु आई." आमच्या घरात भांडण रंगात आलं की ते कन्नडवर येतं. साकु म्हणजे पुरे. "भर रस्त्यात ट्रकच्या पुढे बंद पडलीस तर? स्वयंपाकघर बंद कर. तुम्ही दोघं चला बेंगळुरूला. खोली रंगवून तयार आहे."

खोली रंगवली, हे मला नव्हतं माहीत. कसला रंग, तेही मी विचारलं नाही. माझं टाळकं फिरलं होतं. माझ्याकडे दोन बायका भाजी चिरायला येत होत्या, चाळीस माणसं माझ्या हातचं जेवत होती आणि हा मला भिंतीचा रंग दाखवत होता. बेंगळुरूला जाऊन मी करणार काय, तर लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांना गुड मॉर्निंग म्हणणार.

आमचे हे पेपर वाचत होते. निवृत्त बँकवाले, दोन्ही बाजूंनी सही करायची सवय. म्हणाले, "गाडीची एक ट्रायल घ्या ना."

तर ठरलं असं. दसऱ्यानंतर कारखाना उघडेल त्या दिवशी मुलाने माझ्या शेजारी बसायचं. पूर्ण जेवण घेऊन कडकोळला जायचं आणि घरी यायचं. मध्ये कुठे वायर लावायची नाही, दोर बांधून ओढायची नाही, धक्का मारायचा नाही. आली तर माझं स्वयंपाकघर राहील आणि तो पुन्हा तोंड उघडणार नाही. बंद पडली तर हंडे विकायचे आणि बेंगळुरू. मी हो म्हणाले. रागात मी कशालाही हो म्हणते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण रात्रभर चार्ज करून आणि माझ्या रस्त्यांनी गेलं तर ती येते, हेही मला ठाऊक होतं.

मध्ये आयुधपूजा आली. त्या दिवशी आमच्याकडे काम करणाऱ्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. विळी, मिक्सर, सायकल, गाडी, सगळ्यांना सुट्टी. वायरसुद्धा लावायची नाही, दुसऱ्या दिवशी पूजा उतरवेपर्यंत हत्याराला हात लावत नाहीत. गाडीची पूजा ह्यांनी मागून घेतली. मला बरं वाटलं, म्हटलं माणूस निदान एका बाबतीत माझ्या बाजूचा आहे. दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले, झेंडूचे हार घातले, चाकाखाली लिंबं, पुढे कोहळा फोडला. स्टिअरिंगला, आरशाला, प्रत्येक चाकाला हळदीकुंकू लावलं. सगळं रीतसर.

विजयादशमीच्या संध्याकाळी मी वायर लावली आणि निवांत झोपले. सकाळी उठून बघते तर पडदा म्हणतो छप्पन टक्के. आदल्या दिवशीही छप्पनच होते. वायर काढली, भोकात डोकावले. आत लाल. ह्यांनी तेलात कालवलेलं कुंकू काडीने थेट चार्जिंगच्या भोकांत भरलं होतं, एकूण एक भोकात.

"अहो, हे काय?"

"वीज तिथूनच आत येते ना," ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे लक्ष्मी तिथूनच येते. मग कुंकू तिथेच नको का?"

जे तोंडात आलं ते सणावारी बोलायचं नसतं. मेन बंद करून कापसाच्या बोळ्यांनी ती भोकं पुसत बसले. मुलगा बाजूला उभा राहून बघत होता. हसला नाही, तेवढी अक्कल त्याला आहे. "उद्यावर ढकलू या का?" असं मात्र म्हणाला. त्याच्या आवाजातली दया ऐकून मी आणखी पेटले. वायर पुन्हा लावली, पण भात शिजेपर्यंत जेमतेम पासष्ट टक्के झाले. हंडे चढवले आणि निघाले.

जाताना काही झालं नाही. उताराने गाडी घसरत गेली, केळीचे खुंट दोन्हीकडे डुलत होते. कारखान्यातल्या माणसांनी मला दसऱ्याचा नमस्कार केला, जेवणाला नावाजलं. मुलगा भिंतीला टेकून पाणी पीत माणसं जेवताना बघत होता. एका म्हाताऱ्या फिटरने त्याला विचारलं, "तुम्ही अम्मांचे चिरंजीव? मग रोज काय मजा असेल तुमची." तो म्हणाला, "मी बेंगळुरूला असतो." फिटर "ओ" म्हणाला आणि भाताकडे वळला.

परत निघालो तेव्हा पडद्यावर चौतीस होते. माझ्या मते पुरेसे. पण चढ लागला आणि ते सतरा झाले, आणि या वेळी सपाटीला लागूनही परत वर गेले नाहीत. पंखा बंद होताच. मी केळीचे खुंट सोडून रस्त्याकडेच्या गाईंना टाकले. मुलगा म्हणाला, "खुंटाचं वजन किती असेल?" म्हटलं, "तुझ्यापेक्षा कमी. तू गप्प बस." गावाच्या वेशीपर्यंत नऊ. तिथून गाडी स्वतःच्या मर्जीने इतकी हळू झाली की सायकलवाले आम्हाला मागे टाकून मागे वळून बघायला लागले. हात स्टिअरिंगवर घामाने चिकटले होते. मला खरंच भीती वाटत होती. हंडे विकायला काढलेले, मागलं अंगण धुऊन रिकामं झालेलं, ते मला समोरच्या काचेत दिसत होतं.

आमच्या घराअलीकडे रेल्वेचं फाटक लागतं. फाटकापाशी तीन टक्के.

"उतर," मी म्हणाले.

"काय?"

"उतर खाली. तुझे ऐंशी किलो कोण ओढणार? गाडी घरी पोचली पाहिजे असं ठरलंय. तू पोचला पाहिजेस असं कुठे ठरलंय?"

तो उतरला. दार लावलं आणि मागे गेला. मी गाडी पुढे घेतली, रूळ ओलांडले. पलीकडे गेल्यावर पडदा काळाच झाला. आवाज तर तिला कधीच नव्हता. क्षणभर ती थबकली. आणि मग, काय सांगू, ती पुन्हा चालायला लागली. अगदी हळू, पण चालायला लागली. कुठल्या कोपऱ्यात वीज उरली होती कुणास ठाऊक. मी तिच्या डॅशबोर्डवर हात फिरवत तिच्याशी बोलायला लागले. "शाबास. शाबास माझी राणी. अजून थोडंच. नाक कापू नकोस माझं." पूर्ण गल्ली मी तिच्याशी बोलत आले आणि घराच्या दारातून थेट अंगणात.

हे व्हरांड्यातून उठले. मुलगा मागून चालत आला, घामाघूम, शर्ट पाठीला चिकटलेला. उन्हात चालायची सवय कुठे राहिलीय ह्या लोकांना. "काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"आली," तो म्हणाला. "घरापर्यंत आली." आणि तोंड धुवायला गेला.

मग मी काय सोडते. जेवताना, जेवल्यावर, ह्यांना आणि भाजी चिरणाऱ्या बायकांना मी तीच कथा ऐकवली. म्हाताऱ्या बॅटरीत किती दम असतो, शून्यावरसुद्धा कशी चालते, कुंकू लावलेलं वाया गेलं नाही. मुलगा खाली मान घालून पोळी खात होता. हरलेल्या माणसाने एवढं मुकाट्याने खावं, याचं मला कौतुक वाटलं. वाईटही वाटलं थोडं.

दुपारी मी मागल्या अंगणात हंडा घासायला गेले. मोरीच्या भिंतीपलीकडे तो फोनवर बायकोशी बोलत होता.

"नाही येत ती. नाही... हो, खोली राहू दे तशीच." मग बराच वेळ तिकडून बोलणं झालं असावं. "अगं, बंद पडली होती. फाटकापाशीच. मीच ढकलत आणली घरापर्यंत... माहितीये गं, धक्का मारायचा नाही असं मीच म्हटलं होतं. पण ती आत बसून गाडीला शाबास शाबास म्हणत होती. मी हात कसा काढणार?"