समासातली ताई

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते निकालाच्या दिवशी. वडिलांच्या जागी सही करायला ती आली होती. वय सतरा असेल. बाहीवर इस्त्रीचा चटका बसून बदामी डाग पडलेला. आठवीतला तिचा भाऊ माझ्या वर्गात पहिला आला होता. तिला दारात पाहून तो शेजारच्याला म्हणाला, "आले आमचे फौजदार." मला हसू आलं. तिने निकालपत्रक खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "बाई, गणितातले चार मार्क कुठे गेले?"

आई तीन वर्षांपूर्वी वारली होती. तेव्हाच हिने शाळा सोडली आणि लाँड्रीत इस्त्रीला उभी राहिली. वडील माणूस म्हणून गोड. चार लोकांत बसले की गाणं आपोआप सुरू व्हायचं. नोकरी तेवढी त्यांच्या हातून टिकत नसे. घरातलं कपाट विकलं गेलं, पलंग गेला, शेवटी जेवायचं टेबलही. मग तिघं इस्त्रीच्या टेबलावर जेवू लागली. "आमच्याकडे सगळं गरमागरम मिळतं," वडील म्हणायचे, आणि मुलंही हसायची.

भाऊ शिकला, परदेशी गेला. वर्षभर पत्रं आली, मग दोन ओळींची कार्डं, मग तीही थांबली. मागे राहिली त्याची एक जाडजूड कादंबरी, आयर्लंडमधल्या एका घराची, भाषांतरित. समासात त्याने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. मित्रांत गाणारा आणि घर विकून खाणारा बाप येतो तिथे 'बाबा'. मेलेली आई आठवते तिथे 'आई'. घराबाहेर पडलेल्या, कुढणाऱ्या मुलाशेजारी 'मी'. सामान उचलून नेणाऱ्या माणसाशेजारीसुद्धा 'आपला भंगारवाला'.

हे दिसल्यावर तिने कादंबरी पहिल्या पानापासून वाचायला घेतली. जेवणाच्या सुटीत रोज दोन पानं. अडलेलं विचारायला रविवारी माझ्याकडे यायची.

"बाई, हा लेखक पूर्णविराम द्यायला विसरतो का हो? न पिळलेल्या कपड्यांचा बोळा हातात दिल्यासारखं वाटतं."

"मग सोडून दे."

"छे. मी कुठे आहे ते बघायचंय."

अर्ध्यावर आली तेव्हा पुठ्ठा निखळला. डिंक लावून देते म्हणून मी पुस्तक ठेवून घेतलं आणि उरलेली पानं चाळली. त्या मुलाला एक बहीण होती. दीड पानभर येते, जिन्यात उभी राहून भावाशी बोलते. भाऊ घाईत असतो. तिच्या शेजारचा समास कोरा होता. मी शेवटच्या पानापर्यंत पाहिलं.

तीन वर्षं मी त्याच्या वह्या तपासल्या होत्या. त्याच्या 'त'चा बाक, 'ई'च्या डोक्यावरची तिरकी रेघ मला पाठ होती. मी पेन्सिलीला टोक केलं आणि त्या बहिणीशेजारी लिहिलं, 'ताई'.

ती त्या पानावर पोचायला दोन महिने लागले. रविवारी आली, पुस्तक मांडीवर उघडलं आणि त्या शब्दावर बोट ठेवून बसली.

"अक्षर छान जमलंय तुम्हाला," ती म्हणाली.

मी टेबलावर खोडरबर शोधू लागले.

"तो मला ताई कधी म्हणालाच नाही, बाई. फौजदारच म्हणायचा. तुम्ही तर ऐकलंय."

ऐकलं होतं. हसलेही होते. नेमकं लिहिताना विसरले.

"खोडते," मी म्हटलं.

"राहू दे. कुणीतरी लिहिलंय ना." मग तिने विचारलं, "पुढे कुठे आहे का हो?"

तिच्याशी दुसऱ्यांदा खोटं वागणं मला जमलं नाही. "नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली. पानात खुणेचा कागद ठेवला, पुस्तक मिटलं आणि पिशवीत नीट उभं करून ठेवलं.

वडील जाऊन आता सहा वर्षं झाली. ती त्याच लाँड्रीत आहे. शर्टांच्या कडा, म्हणजे कॉलरी आणि कफ, तिच्याकडे असतात; मधली इस्त्री दुसरं कुणी करतं.