वहीतली रिकामी जागा

डिसेंबरचा दुसरा शनिवार, दुपारचे पावणेचार. नाताळच्या झाडावर टांगायचे दोनशे चाळीस कापडी नग तयार होते, दोनशे एकेचाळिसावा मशीनवर कापड ताणून धरणाऱ्या रिंगमध्ये अर्धा होता. घरात दोघीच होत्या, माझी थोरली बहीण शालिनीताई आणि तिच्या हाताखाली काम करणारी जनी. मी कामोठ्याला माझ्या घरी होतो. जनीने ताईच्याच फोनवरून मला लावला. "भाऊ, तुमी लगेच या. ताई खाली बसली ती उठत नाय." पनवेलला पोहोचायला मला बावीस मिनिटं लागली. डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि सांगितलं, त्याआधीच सगळं आटोपलं होतं...

ताईने तळोज्याच्या एका कपड्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं काढली. तिथून सुटल्यावर तिने भरतकामाचं मशीन घेतलं आणि पुढच्या खोलीत मांडलं. जवळच बालवाडी चालवणाऱ्या आग्नेसबाई दर नाताळला तिच्याकडून गोणपाटाच्या आणि मांजरपाटाच्या चांदण्या, घरं, गाढवं करून घेत. वर मशीनचं भरतकाम, आत कापूस, कडा मुद्दाम ओबडधोबड. पहिल्या वर्षी मदत म्हणून मी बारा चांदण्यांचे लोंबणारे धागे कात्रीने साफ करून टाकले. ताईने एक उचलून दिव्याखाली धरली. म्हणाली, "झालर होती ती. आता ही चांदणी न्हाव्याकडून आल्यासारखी दिसतेय." मी एका कंपनीच्या स्टोअरमध्ये, मालाच्या गोदामात, काम करतो. "तुला खोकी मोजता येतात, कापड नाही," हे त्यानंतर मला दर वर्षी ऐकावं लागलं.

मोजण्यात मात्र ती माझ्या पुढे होती. कारखान्यातला एक नियम तिने घरीही सोडला नाही. सुई तुटली की तिचे सगळे तुकडे शोधायचे, जुळवून पाहायचे, चिकटपट्टीने वहीत लावायचे, शेजारी तारीख घालायची. रोज तयार झालेल्या नगांचा आकडा आणि मजुरीही त्याच वहीत. एखादा तुकडा मिळाला नाही, तर त्या दिवसाचा एकही नग बाहेर जायचा नाही. एकदा तिने साठ फ्रॉक थांबवून उसवायला लावले होते. टोक शेवटी तिच्याच अंबाड्यात मिळालं. मी हसलो तेव्हा ती हसली नाही. "पोरीच्या पाठीत निघालं असतं तर?" एवढंच बोलली.

रविवारी सकाळी तिला नेताना मी रिंगमधली अर्धी चांदणी सोडवली आणि तिच्या हातात ठेवली. आलेली माणसं म्हणाली, बरं केलंस. मलाही तसंच वाटलं.

चौथ्या दिवशी मशीनखाली वही मिळाली. शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात शनिवारची तारीख होती. पट्टीखाली सुईचे दोन तुकडे, आणि टोकाच्या जागी पेन्सिलीने काढलेला छोटा गोल. रिकामा.

सुई त्या अर्ध्या चांदणीवर तुटली असणार. टोक तिच्यात असेल, तर ते मी स्वतः जाळून आलो होतो आणि आता कधीच कळणार नव्हतं. नसेल, तर ते त्या दिवशीच्या दुसऱ्या कुठल्यातरी नगात होतं. आणि हे नग तीन-चार वर्षांच्या मुलांच्या हातात जाणार होते. ती हातात येईल ते तोंडात घालतात.

जनीला वही दाखवली. मी म्हटलं, टोक बहुतेक चांदणीबरोबर गेलं असेल. खरं सांगायचं तर, तिने हो म्हणावं असं मला वाटत होतं.

"असंल," ती म्हणाली. "पन ताई असती तर उसवलं असतं."

वहीप्रमाणे शुक्रवारपर्यंतचे नग एकशे चौऱ्याण्णव, म्हणजे शनिवारचे सेहेचाळीस. आधीचे खोक्यांत भरले होते, शनिवारच्या टोपलीत सेहेचाळीसच होते. दोन दिवस आम्ही ते उसवले. कापूस पांढऱ्या ताटात पिंजला, त्यावरून लोहचुंबक फिरवला. कापसातून वाळक्या बोंडाचा तुकडा निघाला तरी आम्ही तो उजेडात धरून पाहत होतो. टोक मिळालं नाही.

आग्नेसबाईंना मी सगळं सांगितलं, चांदणी जाळल्याचंही. त्यांनी विचारलं, "बाकीचे नक्की शुक्रवारपर्यंतचे?"

"वहीप्रमाणे."

"शालिनीताईंची वही ना? मग द्या."

पण खोली आवरली होती मी. शनिवारी माणसं यायला लागली तेव्हा टोपली आणि खोकी मीच घाईने आत हलवली होती. त्यात एखादा नग इकडचा तिकडे झाला असला तर? आकडा जुळला म्हणजे नग तेच, असं होत नाही. स्टोअरमध्ये हे मी इतरांना शिकवतो. म्हणून ते एकशे चौऱ्याण्णवही एकेक करून चुंबकावरून नेले, बोटांनी चेपून पाहिले. चेपताना बोटात काही टोचलं तर बरं, असं वाटत होतं. काही टोचलं नाही, तेव्हा नग बालवाडीत पोहोचवले.

नाताळच्या आदल्या दिवशी बालवाडीच्या दारात जाऊन उभा राहिलो. मुलं झाडावरचे नग काढून घेत होती. एका मुलीने गाढव घेतलं आणि त्याचा कान सरळ तोंडात घातला. तिने सावकाश चावलं. मी तिच्या जबड्याकडे पाहत मोजत होतो... अकरापर्यंत आलो. मग तिने कान बाहेर काढला, ओला झालेला मला दाखवला. "गोड नाहीये," म्हणाली आणि निघून गेली.

वही आता माझ्याकडे आहे. पेन्सिलीचा गोल तसाच आहे. त्याखाली मी माझ्या अक्षरात लिहिलं: टोक मिळाले नाही. सेहेचाळीस नग दिले नाहीत. आग्नेसबाईंकडून एकशे चौऱ्याण्णवचे पैसे घेतले. जनीला दोनशे चाळीसचे दिले, शिवाय उसवण्याची दोन दिवसांची मजुरी. ती घेत नव्हती, "उसवल्याचं कसलं पैसं?" म्हणाली. मी तिला साठ फ्रॉकांचं पान उघडून दाखवलं. तिथे ताईने उसवण्याची मजुरी लिहिली होती, आणि पुढे नाव होतं, जनी.