पगार हिला, कर्ज तिला

बँकेतल्या मॅडमनी माझे कागद टेबलावर दोन ढिगांत मांडले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“पगार हिला मिळतो,” डाव्या ढिगावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “आणि कर्ज मागतेय ती. दोघींची ओळख आहे का?”

दोघी म्हणजे मीच. डावीकडे पगाराच्या पावत्या आणि पदवीचं प्रमाणपत्र, त्यांवर माझं नाव आडनावासकट. उजवीकडे आधार आणि पॅन. तिथं माझं नाव, मग आईचं, मग बाबांचं, आणि पुढं काही नाही.

आडनाव मी अठराव्या वर्षी सोडलं. कॉलेजसाठी सदाशिव पेठेत खोली बघायला गेले होते. घरमालकांनी खोली दाखवली, पाण्याची वेळ सांगितली आणि जिन्यात सहज विचारावं तसं आडनाव विचारलं. मी सांगितलं. “अहो, आत्ताच आठवलं, पुतण्या येणारेय राहायला,” ते म्हणाले. घरी येऊन मी जाहीर केलं, की यापुढं मी आडनाव लावणार नाही. बाबांना केवढा आनंद झाला! ते विदर्भातून इथं कारखान्यात नोकरीला आले ते चळवळीच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊनच. मला अक्षरओळख झाली ती पत्रकांच्या घड्या घालता घालता. गृहपाठाच्या वहीतसुद्धा मी ‘जाहीर निषेध’ लिहून ठेवत असे.

पण नाव बदलायचं तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. ती मी दिली नाही. स्वतःचं नाव वापरायला सरकारची परवानगी कशाला, असा माझा बाणा. जिथं सहज जमलं तिथं बदललं, उरलं ते तसंच राहिलं. हिंजवडीतल्या कंपनीनं पदवीवरचं नाव उचललं आणि पगाराच्या पावतीवर छापलं. मला त्याचं काही वाटलं नाही. पगार येत होता.

घर हवं होतं ते आईला. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा, त्यामुळे दर वर्षी आमच्या घरात खोकी बांधली जायची. शेवटी लोणी काळभोरकडे एक छोटा फ्लॅट सापडला. स्वयंपाकघराला खिडकी होती. आई त्या खिडकीपाशी इतका वेळ उभी राहिली, की विकणाऱ्या काकांनी तिला खुर्ची आणून दिली. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की पंधरा दिवसांत बँकेचं मंजुरीपत्र दाखवा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. त्यातले सहा दिवस गेले होते.

त्या दिवशी मला कळलं, की बँक दोन गोष्टी तपासते: घर आणि माणूस. घरासाठी वकील जुने दस्त चाळतात, इंजिनिअर येऊन भिंती बघतो. आमच्या घराचं सगळं स्वच्छ निघालं. अडलं होतं माणसापाशी.

“एक प्रतिज्ञापत्र करून आणा,” मॅडम म्हणाल्या. “ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं. आणि कंपनीचं पत्र.”

म्हणजे जे नाव मी टाकून दिलं, ते स्वतःच्या हातानं पुन्हा लिहायचं! मी घरी गेले आणि मॅडमना चार पानी पत्र लिहिलं. आडनाव म्हणजे काय, या शहरात ते कशासाठी विचारतात, सगळं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते माझ्यासमोर पूर्ण वाचलं. मागं रांग होती, तरी वाचलं.

“छान लिहिता,” त्या म्हणाल्या. “फक्त हे स्टॅम्प पेपरवर नाही.”

मी तापले. म्हटलं, “मॅडम, तुम्हीही शेवटी आडनावच विचारताय.”

“अहो, मला तुमची जात नकोय. तुम्ही एकच आहात एवढं हवंय. उद्या घराचा कागद एकीच्या नावावर आणि हप्ते दुसरीच्या, तर भांडणार कोणाशी? माझ्याशीच ना?”

मी चार पानं उचलून घरी आले. त्यांचं पटलं होतं, तरी हट्टानं दोन दिवस फुकट घालवले. तिसऱ्या दिवशी आईनं कपाटावरची खोकी खाली काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

“तुझी पुस्तकं तूच भर यंदा,” ती म्हणाली. “माझी कंबर गेली.”

“काऊन छळतेस पोरीला?” बाबा म्हणाले, आणि लगेच प्रतिज्ञापत्राचा मसुदा लिहायला बसले.

मसुदा पाहून नोटरीनं कपाळाला हात लावला. “‘जातिव्यवस्थेच्या निषेधार्थ आडनावाचा त्याग केला असून’... साहेब, हे काय आहे?”

“कारण,” बाबा म्हणाले.

“कारण कोणी विचारलेलं नाही. नावं दोन, माणूस एक. चार ओळी. निषेधाला जागा नाही.”

बाबा अर्धा तास घासाघीस करत होते. शेवटी ‘स्वेच्छेने’ हा एक शब्द त्यांनी राखला. मी जुनं नाव लिहिलं, सही केली. आडनाव लिहिताना बरं वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. पण त्या ओळीत ते नाव माझ्या आजच्या नावाचा साक्षीदार म्हणून उभं होतं, आणि मालकाच्या जागी मीच होते.

प्रतिज्ञापत्राला कंपनीचं पत्र जोडून दिलं; मंजुरी तेराव्या दिवशी आली. कर्जखातं पॅनवरच्या नावानं, म्हणजे माझ्या निवडलेल्या. आई सहकर्जदार, म्हणून तिलाही बँकेत सह्या करायच्या होत्या. आमच्या घरात न वाचता सही करायची पद्धत नाही. तिनं करार पहिल्या पानापासून वाचायला घेतला. मॅडमनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्यासाठी चहा मागवला.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, “आपलं पूर्ण नाव?”

मला सदाशिव पेठेतला जिना आठवला. आईनं ताठ बसून नाव सांगितलं. स्वतःचं, बाबांचं आणि मग आडनाव, शेजारच्या काउंटरवरच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

मॅडमनी ते लिहून घेतलं आणि कागद तिच्याकडे वळवला. “इथं करा सही. खिडकी पूर्वेला आहे म्हणे स्वयंपाकघराची?”

“हो,” आई म्हणाली, आणि पेनाचं टोपण उघडलं.