खदानीतला नियम

मोहने गावाच्या पुढे एक बंद पडलेली दगडाची खदान आहे. खडी काढता काढता खाली झरा लागला आणि तिचं तळं झालं. रविवारी सकाळी आम्ही काही हौशी मंडळी तिथे स्कुबा डायव्हिंग करायचो. लोकांना वाटतं, खाली रंगीत मासे असतील. कसले मासे! हिरवट गढूळ पाणी, हात लांब केला तर स्वतःचा पंजा दिसत नाही, आणि तळाशी विसर्जन झालेल्या गणपतींच्या प्लास्टरच्या सोंडा. काठावर कपडे धुणारी एक आगरी मावशी दर वेळी विचारायची, "काय गो बाय, काय गावला?" मी म्हणायचे, "काय नाय, मावशी." मग ती माझ्या नवऱ्याकडे बघून हसायची. तिच्या मते आम्ही दोघंही कामातून गेलेलो.

डायव्हिंग जोडीनेच करायचं असतं. माझी जोडी नवऱ्याशी. काही दिसत नसल्यामुळे आमच्या मनगटांना एक छोटी दोरी बांधलेली असे. एक हिसका म्हणजे, ठीक आहेस ना? उलट एक हिसका, ठीक. सलग तीन म्हणजे पुरे, वर चल. त्या तीन हिसक्यांचा नियम आमच्या शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी डोक्यात ठोकून बसवला होता. कोणीही, केव्हाही थांबू शकतो. दुसऱ्याने मुकाट वर यायचं आणि का म्हणून विचारायचं नाही. विचारलं, की माणूस पुढच्या वेळी लाजेपोटी थांबत नाही आणि जिवावर बेततं.

बाबा गेल्यावर मी पहिल्यांदा खदानीत उतरले, तेव्हा अर्ध्यावरच मला रडू फुटलं. मास्कच्या आत रडणं काय असतं ते सांगून कळणार नाही. मी तीन हिसके दिले. नवरा माझ्याबरोबर वर आला, माझ्या पाठीवरचा सिलेंडर उतरवला, थर्मासमधला चहा ओतून दिला आणि शेजारी बसून राहिला. एका शब्दाने विचारलं नाही. माझ्यावर इतकं प्रेम दुसऱ्या कोणी केलेलं मला आठवत नाही.

मागच्या वर्षी, कोपरीच्या आमच्या घरात मी भेंडी चिरत होते. तो ओट्याजवळ येऊन म्हणाला, "मला थांबायचंय आता. आपलं हे सगळं."

'का' अगदी दातांपर्यंत आला होता. मी तो गिळला आणि म्हटलं, "बरं." वर भेंडी चिरत राहिले, शहाणी मी! तो बराच वेळ तिथेच उभा होता. मला वाटलं, त्याला हायसं वाटत असेल.

तो डोंबिवलीला भावाकडे राहायला गेला. आईने फोनवर माझी चांगलीच हजेरी घेतली. "अगं, नवरा घर सोडून गेला आणि तू साधं विचारलंही नाहीस?"

"आमच्यात नाही विचारत," मी म्हटलं. आईला रडूच आलं.

पुढे एका रविवारी तो सामान न्यायला आला. हॉलमध्ये फरशीवर बसून आम्ही त्याचे फिन्स, माझे फिन्स, मास्क वेगळे केले. दोरी कोणाची ते ठरेना. "असू दे तुझ्याकडे," तो म्हणाला. दाराशी बूट घालताना, वर न बघता, त्याने विचारलं, "तू विचारलं का नाहीस?"

"आपला नियम आहे ना."

"अगं, तो पाण्यातला होता. मी रोज वाट बघायचो. वाटायचं, आज फोन करशील, आज भांडशील."

एवढं रडू मला खदानीतही आलं नव्हतं. "मग आता विचारते," मी म्हटलं. "का रे?"

"आता नको," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं. सवयीने मी एक हिसका दिला. दुसरं टोक फरशीवरून सरकत माझ्या पायाशी आलं.