फोटोत कळायला हवं

विद्यापीठाच्या सांस्कृतिक केंद्रात सर्वधर्म संवादाचा कार्यक्रम होता. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला, रेहानाला, बोलायला बोलावलं होतं. नेहमीची सुती साडी नेसून ती आली, तेव्हा संयोजक सर दारातच थबकले.

"मॅडम, निदान डोक्यावरून काही घ्या. फोटोत कळायला हवं ना!"

"काय कळायला हवं, सर?"

"म्हणजे... तुम्ही कोण ते."

"इतकी वर्षं इथे शिकवतेय, अजून कळलं नाही?" असं म्हणून रेहाना प्रेक्षकांत जाऊन बसली. मीही तिच्या शेजारी बसले.

थोड्या वेळाने तिच्या जागी संकेत जोशी नावाचा विद्यार्थी मंचावर आला. डोक्यावर नाट्यविभागातली जाळीदार टोपी होती. बंधुभावावरचं लिहून दिलेलं भाषण त्याने वाचलं, आणि सरांनी मान डोलावली.

माझ्या अंगाची लाही झाली. या लोकांना माणूस नकोच असतो, नमुना हवा असतो. उघड द्वेष करणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं. हे मात्र गुलाबाचं फूल हातात देऊन माणसाला पुसून टाकतात.

टाळ्यांचा कडकडाट झाला. रेहानाने पर्स उचलली.

"चल," ती म्हणाली, "माझं भाषण झालं."